यूलिमिटचा आकडा कोण पाळतो?

एप्रिलची संध्याकाळ. बजाजनगरातल्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत कूलर घरघरतोय आणि तरी पाठीला घाम. शनिवारी इथे पाच-सहा पोरं येतात, त्यांना मी लिनक्स शिकवतो. त्या दिवशीचा स्वाध्याय सोपा होता. २००० छोट्या लॉग फाइल एकाच वेळी उघड्या ठेवायच्या आणि कुठल्या फाइलमध्ये नवी ओळ पडली ते सांगायचं. काम पायथॉनचा प्रोग्राम करणार होता आणि त्याला सुरू करणार होती बॅशची, म्हणजे टर्मिनलवर कमांड वाचून चालवणाऱ्या शेलची, छोटी स्क्रिप्ट. स्क्रिप्टच्या डोक्यावर मी नेहमीच्या सवयीने एक ओळ टाकली होती: यूलिमिट -एन ४०९६, म्हणजे एका वेळी ४०९६ फाइल उघडू दे. तिच्या वर आणखी एक: कुठलीही कमांड फसली, की तिथेच थांब.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या, हे वेगळं सांगायला नको.)

माझ्या उबुंटूवर पहिल्या फटक्यात चालली. मग सुरू झालं.

"सर, माझ्याकडे नाही होऊन राहिलं." ही गिट बॅशवाली, विंडोजवर बॅश वापरणारी.

"माझ्या मॅकवर तर चालून राहिलं ना!"

"सर, सिग्विनमध्येही नाही म्हणून राहिला." सिग्विन म्हणजे विंडोजवर युनिक्सचे प्रोग्राम चालवायची सोय.

डब्ल्यूएसएलवाल्याचं (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) चाललं, पण त्याची तक्रार वेगळीच होती. त्याने कॉन्फिग फाइलमध्ये आकडा ६५५३५ केला होता आणि टर्मिनल ढिम्म हललं नव्हतं. कोपऱ्यातला एक मोबाइलवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये करत होता. त्याचं सुरू झालं, दोन-तीन मिनिटं चाललं आणि मेलं.

ओळ एकच, शेल बहुतेकांचं बॅशच. मग उत्तरं पाच का? त्या दिवशी जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट बहुतेक जण पाठ करतात आणि पाठ केलेलं नेमकं दुसऱ्या सिस्टमवर गेल्यावर दगा देतं.

शेल फक्त चिठ्ठी देतं

यूलिमिट ही शेलची कमांड, म्हणून आपल्याला वाटतं की शेलच मर्यादा लावतं. तसं नाही. शेल फक्त कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, चिठ्ठी पाठवतं, की मला इतक्याच फाइल उघडू दे, इतकाच वेळ सीपीयू दे. ती चिठ्ठी म्हणजे सेटआरलिमिट नावाचा सिस्टम कॉल. ही व्यवस्था १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आली. तिकडच्या सी-शेलमध्ये त्यासाठीची कमांड नुसती लिमिट अशी होती. यूलिमिट हे नाव एटी अँड टीच्या युनिक्सकडून आलं आणि सुरुवातीला त्याचा संबंध फक्त फाइलच्या आकाराशी होता. म्हणून आजही बॅशमध्ये कुठलंही अक्षर न देता यूलिमिट १०० म्हटलं, की ती फाइलच्या आकाराचीच मर्यादा धरते. नव्या पोरांना हे माहीत नसतं. शंभर फाइल उघडायची परवानगी घेतली असं समजून ते शंभर केबीच्या पिंजऱ्यात बसतात.

मर्यादा असते प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची. आणि प्रोसेसने पोर जन्माला घातलं, की ती वारशाने पोराकडे जाते. म्हणूनच यूलिमिट हा वेगळा प्रोग्राम असून भागत नाही, ती शेलच्या पोटातच लागते. वेगळा प्रोग्राम असता, तर तो शेलचं पोर म्हणून सुरू झाला असता, स्वतःची मर्यादा बदलून मेला असता आणि बापाला पत्ताही लागला नसता. सीडी कमांडही याच कारणाने शेलच्या आतली आहे.

प्रत्येक मर्यादेचे आकडे दोन, सॉफ्ट आणि हार्ड. नागपुरात हे समजवायला विजेचं मीटर बरं पडतं. घरातला एमसीबी किती अँपिअरचा बसवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. कूलर लावला की ट्रिप होतो? बदला. ही सॉफ्ट लिमिट. मीटरमागचा मंजूर भार मात्र तुमच्या हातात नाही. तो वाढवायचा तर अर्ज करा, पैसे भरा, थांबा. ही हार्ड लिमिट, आणि तिथला साहेब म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला युजर. मंजूर भार तुम्ही स्वतःहून कमी करून घेऊ शकता, कोणी अडवणार नाही. पण पुन्हा वाढवायचा म्हटलं की गाठ साहेबाशी.

यात बॅशची एक खोडी आहे. नुसतं यूलिमिट -एन विचारलं तर ती सॉफ्ट आकडा दाखवते. पण यूलिमिट -एन ५१२ म्हणून आकडा लावला, तर सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही ५१२ करते. दाखवताना एक, लावताना दोन! मी स्वतः एकदा प्रयोग म्हणून ही ओळ बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताच बॅश वाचते ती फाइल) टाकून विसरलो होतो. मग प्रत्येक नवीन टर्मिनल ५१२ वर अडकलेलं आणि वाढवू गेलं की ऑपरेशन नॉट परमिटेड. अर्धा दिवस मी सर्व्हरवाल्यांना शिव्या घातल्या. फक्त सॉफ्ट बदलायची असेल तर कॅपिटल एस लावायचा: यूलिमिट -एस -एन ५१२. हा कॅपिटल एस आणि स्टॅकसाठीचा छोटा एस वेगळे, हेही ध्यानात ठेवा.

आदळून पाहणे

आकडा खरा की खोटा हे विचारून कळत नाही, आदळून कळतं. म्हणून पोरांना चार ओळींचा पायथॉन लिहायला लावला. एकच फाइल पुन्हा पुन्हा उघडायची, प्रत्येक हँडल यादीत टाकत जायचं, बंद करायचं नाही, आणि टू मेनी ओपन फाइल्स आलं की यादीची लांबी छापायची.

स्क्रिप्टमधली -एनची ओळ काढून उबुंटूवर चालवलं. उत्तर १०२१.

"सर, लिमिट तर १०२४ दाखवून राहिली. तीन कुठे गेल्या?"

प्रश्न विचारणाऱ्या पोरीला मनातल्या मनात शाबासकी दिली. तीन जागा प्रोसेस जन्मतानाच भरलेल्या असतात: इनपुट, आउटपुट आणि एररचं आउटपुट. शून्य, एक, दोन. आपली पहिली फाइल उघडते ती तीन नंबरवर.

१०२४ हाही काही देवाने दिलेला आकडा नाही. सिलेक्ट नावाचा एक जुना सिस्टम कॉल आहे. त्याची यादी १०२४ डिस्क्रिप्टरपुरतीच (उघड्या फाइलींच्या या नंबरांना डिस्क्रिप्टर म्हणतात) आखलेली असते आणि त्यापुढचा नंबर त्याच्या हातात दिला तर तो मेमरीत भलतीकडे लिहू शकतो. जुने प्रोग्राम मरू नयेत म्हणून सॉफ्ट लिमिट अजून तिथेच ठेवतात. हार्ड मात्र वर गेली. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) २४० व्या आवृत्तीपासून ती ५,२४,२८८ आहे, त्याआधी कर्नलची स्वतःची ४०९६ असायची. म्हणजे ज्याला खरंच जास्त फाइल लागतात त्याने स्वतः मागून घ्याव्यात, बाकीच्यांनी १०२४ मध्ये सुखी राहावं.

मॅकवर तोच पायथॉन चालवला. उत्तर २५३. मॅकवर सॉफ्ट लिमिट २५६ असते आणि हार्डच्या रकान्यात अनलिमिटेड लिहिलेलं असतं, त्यामुळे आमची ४०९६ ची मागणी तिथे सहज मंजूर झाली होती. पण तो अनलिमिटेड शब्द तोंडभरून दिलेल्या आश्वासनासारखा आहे. त्याच्या मागे कर्नलची दर प्रोसेसची स्वतःची कमाल मर्यादा आहेच, ती सिसकटीएल या कमांडने पाहता येते. आणि मॅकवर -व्ही लावून मेमरी आवळता येईल या भरवशावर तर राहूच नका. बीएसडीच्या घरातलं शेंडेफळ असूनही इथे त्याने वडिलांचं ऐकलेलं नाही.

मांडवातले पाट

आता सिग्विन. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण खरी गंमत इथे आहे.

विंडोजच्या कर्नलला सेटआरलिमिट ठाऊकच नाही. तिथे फोर्कही (प्रोसेसची हुबेहूब प्रत काढणं) नाही, युनिक्सच्या अर्थाने डिस्क्रिप्टरही नाहीत, आहेत ती हँडल्स. सिग्विन हे सगळं नाटक एका डीएलएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या लायब्ररी फाइलमध्ये, उभं करतं. प्रोग्राम त्या डीएलएलला विचारतो, डीएलएल विंडोजला विचारते आणि उत्तर युनिक्सच्या भाषेत परत देते. म्हणजे इथे तुमची चिठ्ठी कर्नलपर्यंत जातच नाही. ती डीएलएल वाचते आणि जमलं तर पाळते. जिथे जमत नाही तिथे ती साफ नाही म्हणते. फाइलच्या आकाराची -एफ किंवा सीपीयू वेळेची -टी लावून पाहा, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट येईल. मेमरीची -व्ही पूर्वी अशीच नाकारली जायची. नव्या आवृत्त्यांत ती विंडोजच्या जॉब ऑब्जेक्टच्या (प्रोसेसच्या गटाला मर्यादा लावायची सोय) आधाराने लागते. मला हा स्वभाव आवडतो. जे झेपत नाही ते नाही म्हणावं, हो म्हणून विसरू नये. लिनक्स तसं करतं, ते पुढे येईलच.

पण फाइलच्या आकड्याची गोष्ट न्यारी. जुन्या सिग्विनमध्ये यूलिमिट -एन विचारलं की उत्तर यायचं २५६. हार्ड विचारली की ३२००. आम्ही बरीच वर्षं समजत होतो, की इथे २५६ पेक्षा जास्त फाइल उघडत नाहीत, म्हणून प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आधी आकडा वाढवायचा. प्रत्यक्षात २५६ ही मर्यादाच नव्हती. लग्नाच्या मांडवात सुरुवातीला २५६ पाट मांडलेत, असं समजा. पंगतीला माणसं वाढली, की वाढपी न सांगता आणखी पाट मांडतो. हॉलची खरी क्षमता ३२००. सिग्विनला विचारलं, किती बसतील, की ते पाट मोजून सांगायचं! डीएलएलच्या आतलं डिस्क्रिप्टरचं टेबल गरजेनुसार आपोआप वाढत होतं आणि आपल्याला त्याचा त्या क्षणाचा आकार दिसत होता. पुढे ही चूक सुधारली, आता ते ३२०० असंच उत्तर देतं. आणि त्या जुन्या सिग्विनमध्ये यूलिमिट -एन १०० म्हटलं, तर कमांड बिनतक्रार परत यायची आणि काहीच घडायचं नाही. मांडलेले पाट कोण उचलणार?

आमची ४०९६ ची मागणी इथे का फसली ते आता कळलं असेल. ३२०० च्या हॉलमध्ये आम्ही ४०९६ जणांची पंगत मागत होतो. आणि स्क्रिप्टला तर आम्हीच सांगून ठेवलेलं, की काही फसलं की थांब. हवे होते २०००, ते विनासायास मावले असते. मागणी फसली म्हणून काम थांबलं, जागा कमी पडली म्हणून नाही.

स्टॅकचंही, म्हणजे फंक्शनच्या कॉलसाठी राखलेल्या मेमरीचंही, असंच. लिनक्सवर खोल रिकर्शनचा प्रोग्राम कोसळला, की यूलिमिट -एस (छोटा एस) वाढवून पाहतात. विंडोजवर मुख्य थ्रेडचा स्टॅक किती हे त्या ईएक्सई फाइलच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं. शेलने कितीही सांगितलं तरी लोडर ते पाहतो. म्हणून सिग्विनमध्ये ते बदलायचं तर लिंक करतानाच लिंकरला आकार सांगायचा, किंवा तयार फाइलवर पीईफ्लॅग्ज हे साधन चालवायचं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला घरून सिग्विनवर करून आणलेलं बॅकट्रॅकिंग अर्ध्यात पडतं, त्यामागे बरेचदा हेच असतं, लॉजिक चुकलेलं नसतं.

गिट बॅश आणि परका पाहुणा

गिट बॅश ज्या एमएसवायएस२ वर उभं आहे ते सिग्विनचंच चुलत भावंड. त्यामुळे तिथलं बॅशही ३२०० च्या वर जायला नकार देतं. पण तिथे आणखी एक पेच आहे. त्या पोरीने बसवलेला पायथॉन हा विंडोजचा अधिकृत इन्स्टॉलर वापरून टाकलेला, अस्सल विंडोजचा प्रोग्राम. तो सिग्विनच्या किंवा एमएसवायएसच्या डीएलएलला हात लावत नाही. बॅशने लावलेली मर्यादा डीएलएलच्या वहीत, आणि हा पठ्ठ्या ती वही उघडतच नाही. आदळायचा प्रयोग तिथे केला, तर आकडा आला ८१९२ च्या जरासा खाली. ही मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमची स्वतःची हद्द, यूलिमिटशी तिचा काडीचा संबंध नाही. गिटचंही तेच. गिट फॉर विंडोजमधला गिट हा नेटिव्ह प्रोग्राम आहे. गिट बॅशमध्ये यूलिमिट वाढवून तो सुधारेल अशी आशा धरून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांचं काम सुटलंच तर ते दुसऱ्याच कशाने तरी सुटतं.

डब्ल्यूएसएलमध्ये हे नाटक नाही, निदान दुसऱ्या आवृत्तीत तरी नाही. २०१६ ची पहिली आवृत्ती लिनक्सचे सिस्टम कॉल विंडोजच्या भाषेत फिरवून द्यायची, आत लिनक्सचा कर्नल नव्हता. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये धावतो. त्यामुळे यूलिमिट तिथे अगदी लिनक्ससारखी वागते. मग आमच्या पोराचा ६५५३५ कुठे अडला?

त्याने एटीसीच्या सिक्युरिटी फोल्डरमधली लिमिट्स डॉट कॉन्फ बदलली होती. ती फाइल कर्नल वाचत नाही. ती वाचतं पॅम, म्हणजे लॉगिनच्या दारावरचा वॉचमन. तुम्ही दारातून आलात तरच तो तुमच्या हातावर शिक्का मारणार. डब्ल्यूएसएलचं टर्मिनल उघडतं तेव्हा ते नेहमीच्या लॉगिनच्या दाराने येतच नाही, मागच्या दाराने थेट शेल सुरू करतं. त्याला एसयू - आणि स्वतःचं नाव टाकून पुन्हा आत यायला सांगितलं. पासवर्ड टाकला आणि ६५५३५ दिसला. याच कारणाने सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसलाही ही फाइल लागू होत नाही. तिथे युनिट फाइलमध्ये लिमिटनोफाइल अशी वेगळी ओळ लिहावी लागते. एका ठिकाणी रात्री दोनला टू मेनी ओपन फाइल्स म्हणून मला उठवलं होतं. टर्मिनलवर आकडा झकास ६५५३५, सर्व्हिस बापडी १०२४ वर. तेव्हापासून मी टर्मिनलला विचारत नाही. प्रोक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराच्या फोल्डरात लिमिट्स नावाची फाइल असते, ती वाचतो. चालू प्रोसेसची मर्यादा बदलायची असली तर पीआरलिमिट ही कमांड आहे.

डब्ल्यूएसएलमध्ये मेमरीचं कुंपण मात्र यूलिमिटच्या बाहेर असतं. आत -ए (सगळ्या मर्यादा दाखव) मारून पाहिलं तर मेमरी अनलिमिटेड दिसते आणि तरी मोठा बिल्ड चालू असताना प्रोसेस गपकन किल होते. कारण पूर्ण व्हर्च्युअल मशीनलाच रॅमचा वाटा ठरवून दिलेला असतो, सहसा मशीनच्या निम्मा. तो विंडोजच्या बाजूला, युजरच्या फोल्डरातल्या डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये बदलायचा आणि डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा उघडायचं.

मोबाइलवाल्याचंही दुखणं याच जातीचं होतं. टर्मक्स म्हणजे खऱ्या लिनक्स कर्नलवर चालणारं ॲप, यूलिमिट तिथे खरीच. पण अँड्रॉइड १२ पासून वर एक दुसरा कारभारी बसलाय. ॲप्सनी जन्माला घातलेल्या पोर-प्रोसेसेस सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या, की तो जास्तीच्या मारतो. टर्मक्सवर नुसतं सिग्नल ९ असं दिसतं. आमच्या पोराने हौसेने दर ५० फाइलींमागे एक वेगळी प्रोसेस काढली होती. दोन हजाराला पन्नासने भागा. चाळीस. यूलिमिट -यू मध्ये (प्रोसेसची संख्या) कितीही मोठा आकडा असो, कारभाऱ्याला त्याचं काय?

बाकी किरकोळ, पण चावणारं

लिनक्स स्वतः किती प्रामाणिक आहे? -एम घ्या. रॅममध्ये प्रत्यक्ष किती जागा व्यापायची याची ही मर्यादा. लावा, कमांड हो म्हणेल, आकडाही दिसेल. आणि कर्नल तिकडे ढुंकूनही पाहत नाही. २.४ मालिकेतल्या कर्नलनंतर या मर्यादेला काही अर्थच उरलेला नाही. मेमरीला खरंच वेसण घालायची तर -व्ही किंवा सीग्रुप (प्रोसेसच्या गटावर मर्यादा लावायची कर्नलची सोय). बॅश दाखवते तो पाइपचा आकारही तसाच. ५१२ बाइटच्या हिशेबात ८, म्हणजे ४०९६ बाइट. लिनक्सच्या पाइपमध्ये प्रत्यक्षात ६५५३६ बाइट मावतात. तो आकडा बदलायला गेलात तर बॅश नकार देते, कारण तो नुसता भिंतीवर रंगवलेला आहे.

शेल बदललं की मापंही बदलतात. उबुंटूवर एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश. यूलिमिट -एफ १०० ही बॅशमध्ये १०० केबी, कारण ती १०२४ बाइटचं माप धरते. डॅश ५१२ चं धरते, म्हणजे तिथे तीच ओळ ५० केबी. प्रोसेसच्या संख्येसाठी बॅशमध्ये -यू, डॅशमध्ये -पी. बॅशमध्ये -पी म्हणजे तो रंगवलेला पाइप. त्यामुळे टर्मिनलवर नीट चाललेली ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी एसएचकडून आपोआप चालताना, इल्लीगल ऑप्शन म्हणून पडते, आणि सगळे क्रॉनला नावं ठेवतात.

-यू बद्दल आणखी एक. बाकीच्या बहुतेक मर्यादा एकेका प्रोसेसच्या, ही मात्र युजरच्या नावावर. एका युजरच्या सगळ्या प्रोसेस, आणि लिनक्सवर थ्रेडसुद्धा, मिळून मोजतात. म्हणून तुमची स्क्रिप्ट चिमुकली असूनही फोर्क फसू शकतो, कारण त्याच नावाने दुसऱ्या खिडकीत ब्राउझर चाळीस टॅब घेऊन बसलेला असतो.

आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग या एररचं नातं यूलिमिटशी आहे, हे फार जणांना माहीत नसतं. लिनक्स २.६.२३ पासून कमांडला दिलेल्या आर्ग्युमेंटची एकूण जागा ही स्टॅकच्या मर्यादेचा चौथा हिस्सा असते. स्टॅक ८ एमबी, म्हणून आर्ग्युमेंटला २ एमबी. तिथे -एस वाढवली की जागा वाढते. विंडोजवर एक प्रोसेस सुरू करायची कमांडलाइनच ३२,७६७ अक्षरांची, त्यामुळे उबुंटूवर धडधडीत चाललेली स्टार लावलेली कमांड सिग्विनमधून विंडोजचा प्रोग्राम सुरू करताना अडखळते. एक्सआर्ग्ज वापरून आर्ग्युमेंट थोडी थोडी करून द्या, दोन्हीकडे चालेल.

आणि मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा, असंही नाही. डॉकरच्या कंटेनरला (वेगळ्या डब्यात चालणाऱ्या प्रोग्रामला) मर्यादा वारशाने मिळते ती त्याला सुरू करणाऱ्या, मागे सतत चालू असलेल्या डेमनकडून, तुमच्या टर्मिनलकडून नाही. काही सिस्टमवर त्या डेमनला फाइलची मर्यादा इन्फिनिटी दिलेली असते आणि कंटेनरमध्ये आकडा दिसतो १,०७,३७,४१,८१६. एकशे सात कोटी! आता जुन्या वळणाचे कित्येक प्रोग्राम सुरू होताना घर झाडून घेतात. तीन नंबरपासून मर्यादेपर्यंतचे सगळे डिस्क्रिप्टर एकेक करून बंद करतात, उघडे असोत नसोत. १०२४ ला हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. एकशे सात कोटींना सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि प्रोग्राम मिनिटांमागून मिनिटं झाडूच मारत बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हँग झाला. कंटेनर सुरू करताना यूलिमिटचा पर्याय देऊन नोफाइल १०२४:४०९६ असं काही माणसांतलं लिहिलं, की तो शहाण्यासारखा उठतो.

साडेआठ वाजले, कूलरमधलं पाणी संपलं आणि हवा गरम यायला लागली. गिट बॅशवाली म्हणाली, "सर, ती ओळच काढून टाका ना. माझ्याकडे तिचा उपयोगच काय?" तिने काढली आणि दोन हजार फाइल उघडल्या. सिग्विनवाल्यानेही काढली, त्याच्याही उघडल्या. मग मॅकवाल्याने काढली आणि त्याचं २५३ वर बंद पडलं.

शेवटी ओळ बदलून अशी केली: आधी सॉफ्ट आकडा वाच, तो २१०० पेक्षा कमी असेल तरच कॅपिटल एस लावून फक्त सॉफ्ट २१०० कर, आणि तरी नाही झालं तर मरू नको, एक ओळ छापून पुढे जा. मोबाइलवाल्याने त्याच्या चाळीस प्रोसेसच्या चार केल्या. नऊला सगळ्यांच्या स्क्रीनवर दोन हजार दिसले. फक्त माझ्या उबुंटूवर नाही, कारण त्या टर्मिनलमध्ये मी मघाशी कॅपिटल एस न लावता ५१२ करून दाखवलं होतं.